जपानी आंब्याची गजाल

"आयकलंस काय गो? तेनी म्हणे परसात जपानचो आंबो लावल्यान!"

यंदाच्या शिमग्यात मालवणपासून कुडाळपर्यंत पालखीच्या आधी ही गजाल घराघरांतून फिरून आली. रोंबाट बघायला जमलेल्या बायका रोंबाटाकडे पाठ करून हेच बोलत होत्या. कोणी लावला, केवढ्याला आणला, त्याच्याभोवती हिरवी जाळी कशाला बांधली आणि (इथे आवाज खाली) त्या एवढ्याशा रोपावर म्हणे क्यामेरा लावलाय! "आंब्याक क्यामेरो, आणि घराक कडी नाय!" असा निकाल एका शेजारीणबाईंनी तिथल्या तिथे देऊन टाकला. त्यावर कोणी अपील केलं नाही.

मी जाऊन बघून आले. गजालीला साक्षीपुरावा असलेला बरा. कमरेएवढं कलम. भोवती चिऱ्यांचा गोल कट्टा, वर हिरवी जाळी, बुंध्याशी ठिबकची नळी, आणि गळ्यात प्लॅस्टिकची पाटी. पाटीवर लालभडक फळाचा फोटो आणि 'मियाझाकी' हे नाव, तेही चुकीच्या जोडाक्षराने. पान हातात घेऊन बघितलं, चुरगळून वास घेतला. आंब्याचंच पान. मालक मात्र माझ्या हाताकडे असा बघत होता, की मी देव्हाऱ्यातल्या टाकांना पारोशाने हात लावलाय. आणि तिथून पाच पावलांवर त्याच्या आजोबांनी लावलेलं हापूसचं झाड उभं होतं. सुपारीएवढी कैरी धरलेली, खाली गळलेल्या कण्यांचा सडा, मोहोराला तुडतुडा लागून पानं चिकट काळी झालेली. त्याच्याकडे बघायला मालकाला फुरसत नव्हती. कुंडलीत परदेशगमनाचा योग असलेला नवा जावई घरात आल्यावर सख्ख्या मुलाला कोण विचारतो?

आता तुम्ही म्हणाल, एखाद्याने हौसेने आंबा लावला तर यात एवढं ओरडायचं काय? अहो, पण कुठे लावला ते बघा ना! देवगड हाकेच्या अंतरावर. जिथे लोकांनी कातळात सुरुंग लावून खड्डे फोडले, टोपल्याटोपल्यांनी माती आणून भरली आणि त्यात हापूस उभा केला, ती ही भूमी. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या पाच जिल्ह्यांत आमच्या सिंधुदुर्गाचं नाव. पहिली पेटी वाशीला निघाली की तिला हळदकुंकू लावून पूजा होते आणि वर्तमानपत्रात वरासारखा तिचा फोटो येतो. अशा घराण्यात कोणी गुपचूप परदेशी कलम आणून कट्ट्यावर बसवतो, म्हणजे काय? वाडीने बोलायचं नाही तर कोणी बोलायचं?

या रोगाची लागण झाली २०२१ साली. मध्य प्रदेशात जबलपूरला एका जोडप्याने आपल्या बागेतल्या दोन आंब्यांच्या झाडांसाठी राखणदार आणि कुत्रे ठेवले, ही बातमी देशभर झळकली. आंबा मियाझाकी, आणि आंतरराष्ट्रीय बाजारात त्याचा भाव किलोला दोन लाख सत्तर हजार! झालं. तो आकडा आमच्याकडे मोबाइलवरून आला आणि घरोघरी पाटावर बसला. ज्याला आपल्या हापूसच्या पेटीचे दलालाकडून आलेले पैसे तीनदा मोजूनही कमी वाटतात, त्याने दोन लाख सत्तर हजार गुणिले एका झाडाचे पन्नास किलो असा हिशोब सुपारीच्या पुडीवर मांडला. पुडी फाटली, हिशोब संपेना.

त्या भावाचीही एक गंमत आहे. जपानात मोसमाच्या पहिल्या लिलावात दोन आंब्यांची जोडी २०१९ साली पाच लाख येनला गेली. येन, बरं का, रुपये नव्हेत. आणि पहिला लिलाव म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. देवळातल्या लिलावात नारळ दोन हजारांना जातो म्हणून आठवडा बाजारात नारळाचा भाव दोन हजार होत नाही. तो नारळ घेणारा नारळ घेतच नसतो. गावासमोर आपलं नाव घोषात म्हणून घेत असतो. जपानातला पहिला आंबाही असाच कुठल्याशा दुकानाच्या काचेत मिरवायला जातो. त्यानंतरचे आंबे महाग असतात, नाही असं नाही, पण त्या भावात जमीन गहाण टाकण्यासारखं काही नाही.

शिवाय तो आंबा तिथे वाढतो कसा, तेही ऐका. हरितगृहात. बाहेरचा पाऊस नको, बाहेरची थंडी नको. एकेका फळाला वेगळी जाळी बांधायची, उन्हाची तिरीप सगळ्या अंगाला लागून लाली सारखी यावी म्हणून फळ फिरवायचं, आणि पिकून देठ आपोआप सुटला की फळ त्या जाळीत पडतं. मग वजन साडेतीनशे ग्रॅमच्या वर, गोडी पंधरा ब्रिक्सच्या वर आणि रंग निर्दोष असेल, तरच त्याला 'सूर्याचं अंडं' अशा अर्थाचं ते झोकदार नाव मिळतं. पंधरा ब्रिक्स! आमचा नीट पिकलेला हापूस अठराच्या वर सहज जातो आणि गवताच्या आढीत गुपचूप पडून राहतो. जाळीचं म्हणाल, तर आंबे उतरवायच्या आमच्या झेल्यालाही जाळीच असते. फरक एवढाच, की आमच्या झेल्याच्या काठीच्या टोकाला घामाने निथळणारा गडी असतो आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

आता खरी चविष्ट गोष्ट. कुठल्याही सोयरिकीत आधी मूळ घराणं विचारायचं, ही आपली रीत. म्हणून मी या जपानी पाहुण्याचं कूळ काढलं, तर काय निघावं? तो मुळात जपानी नाहीच! मियाझाकी हा तिथला प्रांत. आंब्याची जात आयर्विन, आणि ती अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. १९३९ साली मायामीत पेरलेल्या बाठ्यातून हे झाड उभं राहिलं. त्याची आई लिपेन्स. लिपेन्सची आई हेडन. हेडन नाव पडलं ते एका कॅप्टनवरून. त्याने १९०२ साली बाठे पेरले आणि फळ बघायच्या आधीच तो वारला. झाड वाढवलं त्याच्या बायकोने आणि १९१० साली पहिलं फळ आलं. त्या बाठ्यांची आई कोण? मुलगोबा! होय, आपल्या हिंदुस्थानातला मुलगोबा. १८८९ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने इथून त्याची कलमं बोटीने नेली, १८९४-९५ च्या हिवाळ्यातल्या कडाक्याने बहुतेक मेली, आणि जे एक झाड तगलं त्याच्या पोटी हा सगळा वंश वाढला. पुढे १९८० च्या दशकात मियाझाकीच्या शेतकऱ्यांनी आयर्विनला काचेच्या घरात घेतलं आणि लाल पोशाख चढवून जगासमोर आणलं. म्हणजे आमच्या वाडीत ज्याच्यासाठी क्यामेरा लागलाय, तो आपल्याच माहेरवाशिणीचा पणतू. दीडेक हजार रुपये देऊन आपलाच पोर आपण परत आणलाय, आणि वर त्याला जपानी समजून घाबरून वागतोय.

हे मी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "तरी पण रंग बघा वैनी." रंग कुठे बघू? फळ धरायला अजून तीन वर्षं. रंग पाटीवर होता.

बरं, एक मियाझाकी असता तर वाडीने पोटात घातला असता. पण त्याच्यामागून वरातच लागली. रांबुटान आलं, मँगोस्टीन आलं, अवकाडो आला, ड्रॅगन फ्रूट आलं, थाई बारमाही आंबा आला, पांढरं जांभूळ आलं आणि कुठल्याही दुखण्यावर रामबाण म्हणून ज्याची पानं उकळून पितात ते लक्ष्मणफळही आलं. दुखण्यांचं डॉक्टरांना विचारा, मी फक्त झाडांचं बोलते. पूर्वी मे महिन्यात परत निघालेले चाकरमानी गावाहून फणस, आमसुलं आणि काजूगर न्यायचे. आता कोकणकन्येने येतानाच मांडीवर रोप घेऊन येतात. कुडाळ स्टेशनवर एक गृहस्थ उतरले, त्यांच्या हातात बॅग नव्हती, बायकोच्या हातात दोन बॅगा होत्या, कारण ह्यांच्या दोन्ही हातांत काळ्या पिशवीतलं रांबुटान होतं. रात्रभर वरच्या बर्थवर रोप झोपलं आणि हे खाली बसून आले, असं त्या बाईंनीच रिक्षावाल्याला सांगितलं. रिक्षावाल्याने ते सगळ्यांना सांगितलं. गजालीचं स्टँड आहे ते.

रांबुटान आमच्याकडे पहिल्यांदा ताटात आलं तेव्हाची म्हाताऱ्या मावशींची प्रतिक्रिया अजून वाडीत सांगतात: "ह्या फळ दाढी करून खाऊचा काय?" लिचीच्याच कुळातलं ते, अंगावर लाल केस, आत पांढरा गर. चव छान असते, मी खाल्लंय, खोटं बोलणार नाही. पण या केसाळ पाहुण्याचे लाड ऐकाल तर हापूस रडेल. आणि खरंच रडतो! ही आमच्या हवामानाची गोष्ट आहे आणि तिथेच सगळ्या तमाशाची गोम आहे.

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण पडतो तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. जांभ्याची जमीन चाळणीसारखी, ऑक्टोबर सरला की कातळ तापायला लागतो. हापूसला हीच कोरड हवी असते. पाऊस थांबला, जमीन सुकली, रात्री गार पडल्या, की झाड पालवी आवरतं आणि मोहोर काढतं. उपाशी ठेवल्याशिवाय न शिकणारं हे पोर. अवेळी पाणी मिळालं की हापूस खुशाल लालसर कोवळी पालवी फोडतो आणि मोहोराचं नाव घेत नाही. उलट रांबुटान आणि मँगोस्टीन ही मलाया-इंडोनेशियाच्या बाजूची, बारा महिने ओलाव्यात वाढलेली लाडावलेली मंडळी. केरळात ती जमतात, कारण तिथे पावसाचे दोन हंगाम आणि कोरडा काळ लहान. आमच्याकडे त्यांना दिवाळीपासून मिरगापर्यंत पाणी पाजावं लागतं, शिवाय लहानपणी उन्हातान्हात चालत नाही, सावली लागते.

आता हौशी माणूस काय करतो? हापूसच्या दोन झाडांमधली मोकळी जागा बघतो आणि तिथे रांबुटान लावतो. ठिबक सोडतो. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शेजाऱ्यांचे आंबे मोहोरतात आणि ह्याचे दोन आंबे हिरवेगार पालवीत मिरवतात. मग बायको विचारते, आपल्याच आंब्याला काय धाड भरली? तर हे म्हणतात, हवामानबदल. हवामानबदल आहेच, तो कोण नाकारतो? अवकाळी पाऊस, फुलकिडे आणि पुन्हा मोहोर येऊन आधीची फळं गळणं, हे सगळं आमचे बागायतदार दरवर्षी भोगतात. पण ह्या दोन झाडांच्या बाबतीत दोष आकाशाचा नव्हता, अर्ध्या इंची नळीचा होता.

ज्यांना खरंच मँगोस्टीन लावायचं आहे त्यांनी ते माड-पोफळीच्या बागेत लावावं. तिथे सावली आहे, पाणी तसंही चालू असतं. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळ, अननस असं एकाखाली एक बसवून 'लाखी बाग' म्हणून दाखवली, ती अशाच विचाराने. पण माड-पोफळीत लावलेलं मँगोस्टीन रस्त्यावरून दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या मँगोस्टीनचा उपयोग काय?

त्या मँगोस्टीनवरून आठवलं. त्याची भाऊबंदकी तुम्हाला कोणी सांगितलीय का? फळांची राणी म्हणून त्याचा तोरा, शहरातल्या फळांच्या दुकानात चार फळं डब्यात घालून विकतात. आणि ते निघालं आपल्या रातांब्याचं सख्खं चुलत! दोघंही एकाच गार्सिनिया कुळातली. आमच्याकडे ज्याला भिरंडां म्हणतात, जी मे महिन्यात झाडाखाली पडून सडतात, गाई तुडवतात, ज्यांच्यावरून पोरं घसरून पडतात, त्यांचीच ही श्रीमंत चुलत बहीण. एकीला दुकानात डबा, दुसरीला गोठ्यामागची जागा. गावातली भाऊबंदकी झाडांतही असते म्हणायची.

अवकाडोबद्दल मात्र मी चारचौघांत बोलणार नव्हते, पण आता विषय निघालाच आहे. त्याचं फूल, सांगायची लाज वाटते, आज बाई आणि उद्या बुवा! खरंच. काही जातींत फूल पहिल्या दिवशी सकाळी बाई म्हणून उमलतं, मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा होऊन पुन्हा उघडतं. दुसऱ्या जातींत वेळा उलट. म्हणून दोन्ही प्रकारची झाडं जवळ असली तर फळ चांगलं धरतं. हे मी वाडीत सांगितल्यावर मावशींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आज बायल, उद्या बापयो! शिरा पडो तेच्यार!" आणि लगेच विचारलं, "आणि तेंचा फळ लागता खंय?" मावशींना खरी काळजी फळाची होती, नीतीची नाही. अवकाडो दालचिनीच्या कुळातला, हेही त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी परसातल्या दालचिनीकडे संशयाने बघितलं.

ड्रॅगन फ्रूटचं प्रकरण तर रात्रीचं. निवडुंगच तो. सिमेंटचा खांब, खांबावर सिमेंटची चकती, चारी बाजूंनी चार रोपं चढवायची. लांबून बघितलं तर बागेत ट्रॅफिक पोलीस उभे केल्यासारखं दिसतं. फूल रात्री फुलतं आणि सकाळी मलूल होतं. ते बघायला शेजारपाजारचे रात्री अकराला टॉर्च घेऊन जमले, कॉफी झाली, एकाने फुलाला नमस्कारही केला. ब्रह्मकमळाच्या वेळी आपण असंच करतो, आणि कुंडीतलं ते ब्रह्मकमळही निवडुंगाच्याच घरातलं, मग नमस्कार वाया गेला असं म्हणवत नाही. गुजरात सरकारने तर २०२१ मध्ये या फळाचं 'कमलम्' असं बारसं केलं. नाव काहीही ठेवा, सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या माळावर ते सुखी आहे. आमच्या आषाढात त्याच्या खांबाखाली पाणी साचलं की ते खालून कुजायला लागतं. सिमेंटचे खांब मात्र टिकतात. एका घरी त्यांवर आता दोडके सोडलेत, आणि दोडके उत्तम धरले आहेत.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई स्वदेशीची कट्टर. नाही हो. ही सगळी ओरड ज्या सावलीत बसून चालते, ती सावली काजूची असते, आणि काजू कुठला? ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आणला. अननस, पपई, पेरू, सीताफळ, चिकू, नुसती नावं घ्या, सगळी समुद्रापलीकडची. कालवणातली मिरचीसुद्धा. खुद्द हापूसची कलमं बांधायची विद्या गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांच्या हाताखाली रुजली आणि तिथून वर सरकत आली. त्या काळीही एखादी म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली असेलच, "ह्या फळाची बी भायर लोंबता, शिरा पडो!" आणि आज त्या लोंबत्या बीवर आमच्या जिल्ह्याची निम्मी लग्नं उठतात. वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकनही मिळालं. तेव्हा बाहेरून आलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. माझं भांडण वेगळं आहे.

माझं भांडण हे, की आपल्या दारात शहाणी माणसं बसली असताना आपण शहाणपण कुरिअरने मागवतो. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. ज्या १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला 'रत्ना' आंबा आला. त्यात हापूसच्या गरातला तो कुप्रसिद्ध साका नाही आणि तो दरवर्षी धरतो. १९९२ साली त्याच रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून 'सिंधु' आला, ज्याचा बाठा कागदासारखा पातळ, जवळजवळ नसल्यासारखाच. बिनबाठ्याचा आंबा, आपल्याच कोकणात घडलेला! त्याच्यावर कोणी क्यामेरा लावल्याचं ऐकलंय? मी तरी नाही. सिंधुचं कलम लावलं आहे असं सांगितल्यावर समोरचा "अच्छा" म्हणतो आणि विषय भरती-ओहोटीकडे वळवतो. हाच आंबा जपानहून आला असता तर त्याचा वाढदिवस झाला असता.

काजूचं तेच. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती इथेच निघाल्या, वेंगुर्ला-७ ची एकेक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते. १९९० मध्ये रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग योजना आली आणि जिथे कधी वरी-नाचणी होती ते डोंगर आंबा-काजूने भरले. तेव्हाही वाडीत नावं ठेवणारे होतेच, "आंबो खाऊन पोट भरतला काय?" म्हणत. पण त्या कलमांना आई-बाप होते, म्हणजे मातृवृक्ष कुठला ते कागदावर होतं. आताच्या हौशी पाहुण्यांचे आई-बाप कोण, ते दारोदार रोपं विकत फिरणाऱ्या टेंपोवाल्यालाही ठाऊक नसतं. पाट्या त्याच्याकडे गठ्ठ्याने असतात. मियाझाकी संपले की तो दुसरी पाटी काढतो. रोप तेच.

आणि हे फक्त आंब्यापुरतं नाही. रातांब्याचीच गोष्ट घ्या. बियांपासून उगवलेल्या रातांब्यांत निम्मी झाडं नर निघतात आणि हे कळायला फूल यावं लागतं, म्हणजे सहा-सात वर्षं. तोवर नराला पाणी घाला, शेणखत घाला, नवस बोला, फळ येणार नाही. जायफळाचंही असंच. म्हणून कलम घ्यायचं, मादी झाडाच्या काडीचं. कोकण अमृता, कोकण हातीस या रातांब्याच्या चांगल्या जाती विद्यापीठाने काढून ठेवल्यात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. मुंबईतल्या हॉटेलात सोलकढीची वाटी मागवा आणि बिल बघा. आणि इकडे? मे अखेरीला आभाळ भरून येतं, रातांबे लाल होऊन टपटप पडतात, काढायला माणूस मिळत नाही, वाळवायला ऊन मिळत नाही. "आमच्या भिरंडांका कोण इचारता?" असं म्हणत मावशी एकट्याच टोपली घेऊन झाडाखाली बसतात. फळ फोडायचं, बी वेगळी, साल वेगळी, रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची, बोटं आठ दिवस लाल. त्यांच्या नातवाने त्याच वेळी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मँगोस्टीनच्या रोपाला छत्री बांधली होती. खरीखुरी छत्री, काळी, दांड्याची.

तर मंडळी, आता पाऊस तोंडावर आला आहे आणि मिरगाच्या आधी खड्डे मारायची घाई सगळ्यांना आहे. लावायचं तर लावा, रांबुटानही लावा, मियाझाकीही लावा, आपलाच पणतू आहे तो, उपाशी कशाला ठेवायचा? मात्र दारात टेंपो थांबला की भावाआधी मातृवृक्ष विचारा, कलमाचा सांधा बोटाने चाचपून बघा, काडी आणि खुंट एकजीव झालेत की नुसती पट्टी गुंडाळलीय ते बघा, आणि पाटी काढून झाड ओळखता येतं का, असं विकणाऱ्यालाच विचारा. नाही आलं तर वेंगुर्ल्याला, मुळद्याला किंवा किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात एक फेरी मारा. एसटी जाते. आणि जाण्याआधी, ज्यांच्या परसात रातांबा आहे त्यांनी कृपा करून खाली पडलेली भिरंडां तेवढी उचला. मावशींची पाठ दुखते, आणि यंदा आगळ कमी पडलं तर गणपतीत सोलकढी मागायला त्यांच्याकडे येऊ नका, असं त्यांनी सगळ्यांना सांगायला सांगितलंय.